तेल जातंय कुठे?

सोमवार, ४ नोव्हेंबर

गाडी आली! ढब्बूने स्वतः चालवत आणून दारात लावली आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "घे ताई. पोटच्या पोरीसारखी सांभाळलीय." ढब्बू माझा मामेभाऊ. लहानपणी गोलमटोल होता म्हणून ढब्बू. आता नुसती काडी झालीय, पण नाव काही सुटत नाही. त्याने मोठी गाडी घेतली म्हणून ही जुनी डिझेल व्हॅन मला विकली. निघताना माझ्या नवऱ्याला सांगून गेला, "भाऊजी, सर्व्हिसिंग करूनच दिलीय. बिनधास्त पळवा." गाडी पळवणार मी, आणि सांगतो नवऱ्याला. असो.

आता सगळं या गाडीवर आहे. हॉस्पिटलने स्वतःची धुलाई बंद करून माझा कपड्यांचा विभागच गुंडाळला, तेव्हा मीच साहेबांना म्हटलं, बाहेर द्यायचंच आहे तर मला द्या. घरामागच्या शेडमध्ये यंत्रं बसली, नवरा ती सांभाळतो, मी ने-आण करते. सकाळी डॉक्टरांच्या राउंडच्या आधी स्वच्छ चादरी पोचल्या पाहिजेत, एवढीच अट.

बाबा तर गाडीखालून बाहेर यायला तयार नाहीत. उभा जन्म बस डेपोत मेकॅनिक म्हणून गेला, त्यांना खेळणंच मिळालं. इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बोटांवर तेल चोळलं आणि म्हणाले, "काळं झालंय. बदलायला हवं." म्हटलं, ढब्बूने आत्ताच बदललंय. "हो, डिझेल गाडीचं लगेच काळं होतं," स्वतःच म्हणाले. मग पट्टी पुसून आत घातली, पुन्हा काढली आणि म्हणाले, "तेल काळं झालंय गं. बदलायला हवं." इतके खूश मी त्यांना कित्येक महिन्यांत बघितले नव्हते.

संध्याकाळी दादाचा फोन. माझ्या भावाला दुसरा उद्योग नाही. बाबा दाढी स्वतः करतात का, औषध कोण देतं, जिना उतरताना कठडा धरतात का? बाबांच्या जुन्या घरी एकदा गॅस चालू राहिला आणि ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून त्याने धोशा लावलाय की बाबांना आता माझ्याकडे पाठव, इथे वहिनी दिवसभर घरात असते. जणू माझं घर म्हणजे धर्मशाळा. गॅस कोणाचा राहत नाही? माझा दोनदा राहिलाय. "महिनाअखेरीला येतो, मग समोरासमोर बसून ठरवू," म्हणाला. ठरवायचंय काय त्यात? बाबा माझ्याकडे राहणार. दादाला एवढंसं निमित्त मिळू द्यायचं नाही, बस.

बुधवार, ६ नोव्हेंबर

दोन्ही दिवस वेळेत पोचले. तरी हॉस्पिटलच्या फाटकातून आत वळेपर्यंत जिवात जीव नसतो.

आज बाबा शेजारच्या सीटवर बसून आले. वाटेत डेपोतल्या गोष्टी. तिथे तेल बदलायचं काम जोडीने चालायचं. बाबा खाली खड्ड्यात, त्यांचा जोडीदार लंबू वर. बाबांनी खालचा नट उघडून जुनं तेल टबात काढायचं, ते ड्रममध्ये ओतून यायचं, नट आवळायचा, पान्याने दोनदा ठोकायचं आणि ओरडायचं, "भर!" की लंबू वरून नवीन तेल ओतणार. खालच्याने वर काय चाललंय बघायचं नाही आणि वरच्याने खाली वाकायचं नाही. "एवढ्या वर्षांत एक बस बिनतेलाची बाहेर गेली नाही," बाबा म्हणाले. लंबूकाका वारले त्याला जमाना झाला, पण बाबा असे बोलतात की तो आत्ताच चहा पिऊन येतो म्हणून गेलाय.

जाताना ही गोष्ट सांगितली आणि येताना पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मला कंटाळा आला नाही. आवाज किती ताजा होतो त्यांचा!

सोमवार, ११ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या वळणावर तेलाचा लाल दिवा लुकलुकला. सरळ रस्त्यावर विझला, पुढच्या वळणावर पुन्हा. चादरी उतरवल्या आणि कासवाच्या चालीने कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेली. त्याने पट्टी काढून बघितली आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी गाईला उपाशी ठेवलंय. तेल निम्म्याच्याही खाली!

आठवड्यात एवढं तेल जातं कुठे? परवापर्यंत पट्टीवर काठोकाठ होतं, बाबांनीच दाखवलं होतं.

बाबा म्हणाले, "काळजी करू नकोस, माझं लक्ष आहे." आणि ते खरंच आहे. काल रविवार असूनही दुपारभर गाडीखाली होते. चहाला हाका मारून माझा घसा बसला तेव्हा कुठे अर्धवट काम टाकून आले, तेही कोपरापर्यंत काळे. मग मोरीवर बसून डिटर्जंटने हात घासत होते. या वयात कोण एवढं करतं?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मेकॅनिक हात पुसल्याशिवाय बोलत नाही. मी समोर घायकुतीला आलेली आणि हा एकेक बोट पुसतोय. शेवटी म्हणाला, गळती दिसत नाही, धूरही काळा-निळा नाही. मग म्हणजे काय? म्हणजे बघावं लागेल. एवढं तर मलाही कळत होतं.

नवीन तेल भरलं. म्हणाला, गाडी उभी असेल तेव्हा खाली पुठ्ठा टाका, थेंब पडला तर कळेल. मग वाकून परत बघत म्हणाला, "खालचा नट पुसल्यासारखा स्वच्छ आहे. कोणी उघडला होता का?" म्हटलं, हो, विकणाऱ्याने सर्व्हिसिंग केलं ना. "मग ठीक," म्हणाला.

ढब्बूला फोन केला. तो म्हणतो, "ताई, माझ्याकडे कधी तेलाचा चमचा कमी झाला नाही." मी म्हटलं, मग माझ्या दारात येऊन गाडीला तहान लागली का? हसला. मला हसू आलं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

पुठ्ठा कोरडा. काल कोरडा, आज कोरडा. रोज सकाळी गुडघे टेकून मी पुठ्ठा बघते, शेजारणीला वाटत असेल बाई गाडीच्या पाया पडते.

आज दुसरंच विघ्न. एका धुतलेल्या चादरीवर काळ्या तेलाचे पाच बोटांचे ठसे. नवऱ्यावर उखडले. तो म्हणाला, मी यंत्राजवळ तेल वापरतच नाही. मग काय चादरीला आपोआप बोटं फुटली? तो काहीतरी बोलणार होता, पण शेडच्या दाराकडे बघून गप्प बसला. तिथे बाबा रिकाम्या डिटर्जंटच्या निळ्या ड्रमवर बसून ऊन खात होते. त्याच्या या गप्प बसण्याने माझं डोकं जास्त फिरतं.

दादाने आज विचारलं, "बाबा रस्ता चुकत नाहीत ना?" म्हटलं, ते मला रस्ता सांगतात. तो म्हणाला, "बरं आहे. तू थकत नाहीस ना?" या प्रश्नात काय डाव आहे ते मला चांगलं कळतं. थकते म्हटलं की लगेच म्हणेल, मग पाठव.

रविवार, १७ नोव्हेंबर

नवऱ्याशी कडाक्याचं भांडण. बाबांची हत्यारांची पेटी सकाळपासून सापडेना. बाबा सगळं घर पालथं घालत होते, गादीखाली, फ्रिजमागे, चपलांच्या कपाटात. चेहरा असा की मला बघवेना. शेवटी नवरा कबूल झाला, त्याने ती माळ्यावर टाकली होती.

"का?" म्हटलं.

"सगळं काम माझ्यादेखतच व्हावं, एवढंच," म्हणाला. मग खाली बघत, "एकदा डॉक्टरांना दाखवू या का बाबांना? परवा मला एकच गोष्ट चारदा विचारली."

मी म्हटलं, तू माझा नवरा आहेस की दादाचा माणूस? दोघांनी मिळून ठरवलंय का? म्हातारं माणूस चारदा विचारणारच, चारदा उत्तर द्यायला काय जातं? तो शेडमध्ये निघून गेला आणि यंत्र रिकामंच चालू केलं, माझा आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

सोमवार, १८ नोव्हेंबर

स्टूल घेऊन मी स्वतः माळ्यावर चढले आणि पेटी काढून बाबांना दिली. त्यांनी एकेक पाना फडक्याने पुसला, परत ओळीने लावला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नात ठेवला होता त्यानंतर आजच. बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

नवरा ताट उचलून शेडमध्ये जेवायला गेला.

बुधवार, २० नोव्हेंबर

गाडी गेली.

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल. सकाळी मी शेडमध्ये गठ्ठे बांधत होते. यंत्रांचा आवाज, त्यातून बाबा बाहेर कोणाला तरी हाक मारत होते, "भर! भर रे!" शेजारचा नळावर बादल्या भरत असतो, त्याच्याशी थट्टा चालली असेल. मी गठ्ठे चढवले, बाबा मोरीवर हात धूत होते, त्यांनी हसून मान हलवली. "तयार आहे," म्हणाले. पुठ्ठा बघितला, कोरडा. निघाले.

पुलाच्या चढावर लाल दिव्यावर नजर गेली, कधीपासून लागला होता कोण जाणे. या वेळी लुकलुकला नाही, लागला तो लागलाच. पुलावर थांबायला जागा नाही, मागे वाहनांची रांग, आणि हॉस्पिटल समोर दिसत होतं. म्हटलं, एवढं उतरून जाऊ दे. मागच्या वेळीही गेली होती की. मग आतून खडखड सुरू झाली, नंतर कोणीतरी लोखंड दाताखाली दळावं तसा आवाज, एक हिसका, आणि सगळं बंद. स्टीअरिंग जड झालं. गाडी पुलाच्या मधोमध उभी. मागून हॉर्न. एक जण काच खाली करून काय बोलला ते इथे लिहिणार नाही.

चादरी एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून पोचवल्या. राउंड सुरू झाला होता. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्याच म्हणून आज बोलत नाही. पण उद्या नको." आमच्याच म्हटल्यावर मला रडूच कोसळलं, कपड्यांच्या ट्रॉलीमागे उभी राहून रडले.

घरी आले तर बाबा दारातच. "काय झालं गं? तेल होतं ना?" म्हणाले. "आत्ता तर केलं." म्हटलं, हो बाबा, तुम्ही केलंत, गाडीच फसवी निघाली.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

मेकॅनिकने इंजिन उघडलं. आत तेल नाही. कमी नाही, नाहीच. क्रँकचा दांडा जळून निळा पडलाय, बेअरिंगं चिकटलीत. खालचा नट घट्ट, बाहेर डाग नाही, रस्त्यावर थेंब नाही. त्याने हात पुसले, परत पुसले. "माझ्या तरी बघण्यात असं नाही," म्हणाला. "जुनं इंजिन तेल जाळतं, पण असं एका दमात पिऊन टाकत नाही. आधीच्या मालकाने काहीतरी लपवलंय, दुसरं काय."

झालं, मला एवढंच हवं होतं. फोनवर सगळ्या नातेवाइकांचा गट आहे, त्यात लिहून टाकलं, जसं मनात आलं तसं. की ढब्बूने सख्ख्या आतेबहिणीच्या तोंडाला पानं पुसली, आजारी इंजिन पॉलिश करून गळ्यात मारलं. पाठवल्यावर पुन्हा वाचलं, पण मागे घेतलं नाही. मामीने गट सोडला. दादाचा लगेच फोन, आवाज चढलेला: "मी महिनाअखेरीची वाट बघत नाही. रविवारीच येतो. त्या ढब्बूकडे आपण दोघं जाऊ."

पहिल्यांदा दादा माझ्या बाजूने बोलला. पण येतोय म्हणजे बाबांचाही विषय निघणार.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

भाड्याच्या टेम्पोने चादरी पोचल्या. टेम्पोवाला रोज येईलच असं नाही, तसं तोच म्हणाला.

दुपारी ढब्बू आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा. वाटलं भांडेल, मी तयारीतच होते. पण म्हणाला, "ताई, आईला लोक फोन करून विचारतायत, तुझा मुलगा असा कसा निघाला. मी तुला खोटी गाडी देईन? दुसरा सांग कोणीही, तुला देईन?"

मी म्हटलं, मग तेल काय भुताने प्यायलं?

बाबा बाहेर आले. ढब्बू वाकून पाया पडला, "आतोबा, तुम्ही तरी सांगा हिला. तुम्हाला इंजिन कळतं." बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घरच्या माणसाला फसवू नये रे." ढब्बू तसाच वळला आणि गेला. चप्पलचा पट्टा सुटला होता तोही त्याने लावला नाही.

मी जिंकले म्हणायचं. मग मला दुपारपासून अन्न का जात नाही?

शनिवार, २३ नोव्हेंबर

हे कसं लिहायचं कळत नाही.

रिकामे ड्रम नेणारा माणूस आला होता. एकेक ड्रम उचलून हातगाडीवर टाकत होता, शेडमागचा कोपऱ्यातला निळा ड्रम त्याच्याने उचलेना. झाकण काढून म्हणाला, "बाई, हा मी नेत नाही. यात इंजिनचं तेल आहे. घाण होईल सगळं."

मी वाकून बघितलं. काळंभोर तेल. बाजूला आमचा कपडे भिजवायचा टब, तळाला तेलाचा थर, आणि बाबांचं फडकं चार घड्या करून कडेवर ठेवलेलं. बाबांची घडी मी कुठेही ओळखेन.

तिथेच उलट्या बादलीवर बसले. एका क्षणात सगळं समोर आलं, कोपरापर्यंत काळे हात, चादरीवरची बोटं, स्वच्छ नट, आणि ती हाक. शेजाऱ्याला नव्हती ती. बाबा खालचं काम चोख करून, नट आवळून, वर उभ्या असलेल्या माणसाला सांगत होते. वर कोणी नव्हतं. पहिल्यांदा मी चहाला बोलावलं म्हणून त्यांनी मध्येच नट आवळला आणि अर्धं तेल आत राहिलं. दुसऱ्यांदा मी पेटी काढून दिली.

नवरा मागे येऊन उभा राहिला. त्याने ड्रममध्ये बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. तेवढ्यासाठी मी त्याला जन्मभर मानीन.

"हे कुठेतरी ओतून टाकू," मी म्हटलं. "दादा उद्या येतोय. त्याला हे कळलं तर तो उद्याच्या उद्या बाबांना घेऊन जाईल."

"आणि ढब्बू?" नवरा म्हणाला.

ढब्बूचं काय, चार दिवस लोक बोलतील, विसरतील. असं मी मोठ्याने म्हणाले. स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ठरवता येतं असं नाही. संध्याकाळ झाली, ड्रम अजून तिथेच आहे. एकदा वाटतं सांगावं, एकदा वाटतं बाबांना काय आयुष्य उरलंय, राहू देत माझ्याजवळ, ढब्बू तरुण आहे, सोसेल. आत्ताच बाबा डोकावून गेले, "काय लिहितेस?" म्हणाले. म्हटलं, हिशोब. "लिही लिही," म्हणाले.

रविवार, २४ नोव्हेंबर

दादा सकाळीच आला. चहाचा कप हातात घेतला आणि ढब्बूवर घसरला. त्याला सोडायचं नाही, चारचौघांत माफी मागायला लावायची. बाबाही सुरात सूर मिसळून, "बरोबर आहे. डेपोत असता तर दुसऱ्या दिवशी काढला असता." दादा पुढे म्हणाला, "आणि तुझ्याबद्दल माझं मत चुकलं. बाबा इथे छान आहेत. चेहऱ्यावर तेज आलंय त्यांच्या. राहू देत तुझ्याकडेच."

मला हवं होतं ते सगळं ताटात वाढून समोर ठेवलेलं. नुसतं गप्प बसायचं होतं. नवरा दारात टेकून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. दादा उठला, "चल, आत्ताच जाऊ त्याच्याकडे." बाबा म्हणाले, "मी पण येतो. चोराला तोंडावर चोर म्हणायला हवं."

चोर म्हटल्यावर मला राहवलं नाही. उंबऱ्याबाहेरचा तो ढब्बू दिसला.

"बाबा," म्हटलं, "तेल तुम्ही काढलंत."

दादा मटकन खाली बसला. बाबा मात्र शांत. "काढलं ना. काळं झालं होतं. लंबूने भरलं की."

मागे यंत्र फिरत होतं.

"बाबा, लंबूकाका नाहीत आता," दादा म्हणाला. इतक्या हळू की मला वाटलं तो लहानच आहे अजून.

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हात उलटे केले, सुलटे केले. "म्हणजे भरलंच नाही कोणी?" म्हणाले. "बिनतेलाची गेली? तू होतीस गाडीत?"

मी मान हलवली. ते उठून बाहेर गेले. मेकॅनिकने गाडी ओढून आणून दारात ठेवली आहे, बॉनेट उघडं, आत पोकळी. बाबा तिथे उभे राहिले. आम्ही तिघंही खिडकीत, बाहेर जायची कोणाची छाती होईना. दादा रडत होता. म्हणाला, "गेल्या वर्षी आमच्याकडे आले होते तेव्हा मला चार मिनिटं ओळखलं नव्हतं त्यांनी. तुला कसं सांगणार होतो? तुझ्यावर सगळा भार पडला म्हणून मी रोज फोन करायचो." आणि मी त्या प्रत्येक फोनवर त्याला टाकून बोलले.

बाबा आत आले. पेटी आणली होती, ती माझ्या नवऱ्याच्या हातात दिली. मग दादाला म्हणाले, "तुझ्याकडे गाडी नाही ना?"

"नाही बाबा. आम्ही बसने जातो."

"मग मी तुझ्याकडे येतो. इथे गाडी आहे. समोर दिसली की माझ्या हाताला राहवायचं नाही."

मी म्हटलं, बाबा, गाडी विकून टाकते. मोडीत देते. भाड्याच्या टेम्पोवर चालेल माझं. त्यांनी मान हलवली. "चालणार नाही. तुला माहीत आहे." अगदी पूर्वीचे बाबा, शाळेच्या सहलीला नाही म्हणायचे तसे. वाद संपला.

संध्याकाळी गटावर लिहिलं, ढब्बूचा काही दोष नव्हता, चूक माझ्या घरात झाली आणि मी त्याला नको ते बोलले. बाबांचं नाव लिहिलं नाही. मग ढब्बूला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आतोबांना कळलंय का, की आम्हाला कळलंय?" म्हटलं, हो. "मग मी त्यांना भेटायला येतो. इंजिनाचं पण बघतो, एक मिळण्यासारखं आहे." फोन ठेवल्यावर मी तोंडात पदर कोंबून रडले.

बुधवार, २७ नोव्हेंबर

बाबा गेले.

सामान फार नव्हतं. दादाबरोबर वहिनी आली होती, तिने औषधं नीट विचारून घेतली, मी एकेक सांगत होते आणि सांगून संपू नये असं वाटत होतं. ढब्बूनेच आपल्या मोठ्या गाडीने त्यांना पोचवायचं ठरवलं. तिचं इंजिन बाबांनी लांबून ऐकलं, बॉनेटला हात लावला नाही. ढब्बूने त्यांना हात धरून बसवलं आणि पट्टा लावला. त्यांच्यात काही बोलणं झालं असेल तर ते मला ठाऊक नाही.

दुसरं इंजिन सोमवारी बसेल. हॉस्पिटलचं काम टिकलंय, मेट्रनबाईंनी तसं स्वतः सांगितलं. खरं तर मी सुटले. हे वाक्य लिहून खोडणार होते, पण राहू दे. सकाळपासून एकदाही शेडबाहेर डोकावून बघावं लागलं नाही, आणि तरी मी डोकावतेच आहे.

गाडी सुरू झाली तेव्हा बाबांनी काच खाली केली. मी धावत गेले. वाटलं, काहीतरी म्हणतील, रागावतील, तब्येतीला जप म्हणतील. चेहरा अगदी खुलला होता.

"रविवारी ये," म्हणाले. "गाडी घेऊन ये. तेल बघून देतो तुला."

दादाने तोंड फिरवलं. ढब्बू समोर रस्त्याकडे बघत राहिला.

"आणते बाबा," म्हटलं.

रविवारी मी बसने जाईन. गाडी कुठे आहे असं विचारलं तर खाली लावली आहे म्हणेन. चल, खाली येतो म्हणाले तर काय करायचं, ते अजून सुचलेलं नाही.